तुळशीमागची तार

ये गो मुग्धा, अशी जवळ ये. तिथे दारात नको उभी राहूस, इथे माझ्या खाटेवर बस, म्हणजे मला ओरडून बोलायला नको. तू समोर नाहीस हे मला ठाऊक आहे, पण रागवायचं तर माणूस जवळ लागतं, म्हणून कागदावरच तुला बोलावून घेते. मे महिन्यात ‘आत्याआजी, यंदा भरपूर राहणार’ म्हणत आलीस. बरका फणस उतरवून ठेवला होता, तो पिकायची वाट बघत होतो तुझी आजी नि मी, दोघी म्हाताऱ्या. आणि तुझ्या त्या नेटाने मान टाकली तशी तू बॅग भरलीस नि मुंबईला पळालीस! शोभतं का गो तुला हे? फणस शेवटी शेजाऱ्यांना वाटला. गरा घशाखाली उतरेना आमच्या.

त्या दोन दिवसांत तू काय काय केलंस ते मी बसल्या जागेवरून सगळं बघत होते. दिव्यांचा तो डबा बंद कर, चालू कर. वायर काढ, फुंकर मार, परत लाव. कॉम्प्युटर उचलून माडीवर ने, मग अंगणात आण. मग त्या कंपनीच्या माणसावर फोनवर ओरड. मला हसू येत होतं आणि तुला वाटलं आत्याआजी चेष्टा करते. चेष्टा नव्हे गो. हे सगळं या घरात एकदा होऊन गेलेलं आहे, अगदी अस्संच, फुंकर मारण्यासकट. फक्त तेव्हा नेट नव्हतं, टेलिफोन होता, आणि त्याच्या पलीकडे तुझे आजोबा होते. तू राहिली असतीस तर तोंडीच सांगितलं असतं. आता वाच.

आमचं घर तेव्हाही इथेच होतं, मिठबावच्या अलीकडे, खाडी डावीकडे टाकून चढण चढलं की माडांच्या आत. वाडीत सगळी घरं आमच्याच भावकीची. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंक यायची इतकी जवळजवळ. पहाटे रहाट कुरकुरायला लागला की आई उठली असं समजायचं, आणि रहाट थांबला की समुद्राची गाज ऐकू यायची. ती दिवसभर असायचीच, पण रहाट थांबला म्हणजेच लक्षात यायची. बाबांचा आंब्याचा व्यापार. मुंबईच्या दलालांशी रोज बोलावं लागायचं, म्हणून वाडीत एकट्या आमच्याकडे टेलिफोन आलेला. काळाकुळकुळीत, जड, बाजूला दांडी असलेला. दांडी गरागरा फिरवायची की पलीकडच्या गावातल्या एक्स्चेंजमध्ये बापू ऑपरेटर उचलायचा, आणि त्याला नंबर सांगितला की तो पुढे जोडून द्यायचा. फोन ओटीवरच्या भिंतीला, वर आईने विणलेला लोकरीचा रुमाल, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ. मी सातवीनंतर शाळा सोडून घरीच होते. बाबा बागेत गेले की फोन घ्यायचं काम माझं, त्यामुळे बापूचा आवाज मला घरातल्या माणसाचा वाटायचा.

आता त्या तारेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. फोनला खरं म्हणजे दोन तारा लागतात. आमच्याकडेही आधी दोन होत्या. एका पावसाळ्यात वादळाने माड आडवा झाला तो नेमका तारांवर. लाइनमन आला, त्याने एक तार ओढून जोडली, दुसरीला तार पुरेना. मग त्याने आईला विचारलं, ‘‘वयनीनू, घराकडे बारा महिने ओली जागा खंयची?’’ आई म्हणाली, ‘‘ओली जागा म्हणशीत तर तुळशीकडेच.’’ त्याने तुळशीवृंदावनाच्या मागे लोखंडी पाइप ठोकला, फोनची दुसरी तार त्याला गुंडाळली, आणि म्हणाला, ‘‘दुसऱ्या तारेचा काम आता जमीन करतली. तात्पुरता आसा हां, नवी तार इली की बदलतंय.’’ नवी तार कधी आली नाही. पाइपाभोवती आईची अबोली वाढली आणि पाइप तिथे आहे हेच आम्ही सगळे विसरून गेलो. आई रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालायची आणि उरलेली कळशी अबोलीवर उपडी करायची. फोन खणखणीत चालायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात वहिनी, म्हणजे तुझी आजी सुनंदा, बाळंत झाली. तिचं माहेर इन्सुलीचं, पण तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच ठरलेलं. दादा, म्हणजे तुझे आजोबा, जहाजावर. लग्न होऊन जेमतेम पावसाळा सरला नि तो गेला, तो अजून परतला नव्हता. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. तरी गुटगुटीत, काळंसावळं, आणि आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. तो तुझा बाप. आज बँकेत इतका हळू बोलतो की लोकांना परत विचारावं लागतं!

बाळ यायच्या थोडं आधी दादाचा एक मित्र जहाजावरून उतरून गावी आला होता. तो सांगून गेला की अमक्या आठवड्यात जहाज कोचीनला लागेल, गुरुवारी संध्याकाळी दादाला किनाऱ्यावर उतरायला मिळेल, तेव्हा तो ट्रंक कॉल लावील. शुक्रवारी जहाज पुढे जाणार, मग सहा-आठ महिने पत्ता नाही. बाळ झालंय हे दादाला ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, कोचीनच्या कंपनीच्या पत्त्यावर तार करूया. तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराआडून वहिनी बोलली. ती सासऱ्यांसमोर कधी बोलत नसे, म्हणून ते शब्द माझ्या पक्के लक्षात आहेत. ‘‘तार नको. मीच सांगीन तेंका फोनार.’’ बस्स, एवढंच. बाबा दाराकडे वळून म्हणाले, ‘‘बरा तर. तूच सांग.’’

घरात कसला वास सुटलेला असायचा सांगू! ओव्याची धुरी, सुंठ घातलेली पेज, डिंक तळल्याचा वास, आणि मागच्या पडवीत पिकत घातलेले हापूस. वहिनीला आंबा द्यायचा नाही असं आईचं शास्त्र होतं आणि मी दुपारी पदराआडून फोडी पोचवायचे. आईला ठाऊक होतं, असं आता मला वाटतं. कारण ती त्याच वेळी हमखास विहिरीवर जायची.

आणि सोयर लागलं. तुम्हाला आता हे सांगावं लागतं. घरात मूल झालं की दहा दिवस त्या घराने देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. एरवी शेजारीण घालते. पण आमची आख्खी वाडी भावकीची, म्हणजे आख्खी वाडीच सोयरात! पलीकडच्या गावचे भटजी सकाळी सायकलवरून यायचे, घरातले देव घाईघाईने ओले करायचे, जाता जाता तुळशीवर पळीभर पाणी शिंपडायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. वर वैशाखातलं ऊन, खाली आमची जांभ्या दगडाची जमीन. पाणी पडलं की गिळून टाकते आणि तोंड पुसून बसते.

फोन बिघडला तो हळूहळू. आधी त्यात कांदा तळल्यासारखी चरचर यायला लागली. मग बापूचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. सोमवारी तर आम्ही ओरडतो ते बापूला ऐकू येईना आणि बापू ओरडतो ते आम्हाला. बाबांनी पहिली गोष्ट कुठली केली, तर फुंकर मारली. मग दांडी इतकी फिरवली की दांडीच हातात येते की काय असं वाटलं. मग फोनखालच्या पेटीतले सेल बदलले, टॉर्चमधले काढून घातले. रात्री सगळी अंधारात चाचपडत परसात गेली, पण फोनला काही फरक नाही. मग रिसीव्हरचं झाकण उघडून रॉकेलच्या बोळ्याने आतून पुसलं. त्याने एवढंच झालं की फोन कानाला लावला की रॉकेलचा वास नाकात बसायचा.

मंगळवारी बाबा आणि मी लांब काठी घेऊन तारेखालून चालत निघालो, घरापासून थेट मोठ्या रस्त्याच्या खांबापर्यंत. तारेवर अडकलेली झावळी काढली. एका खांबावर कावळ्याचं घरटं होतं, त्यात कुणाच्या तरी चष्म्याची काडी आणि लोखंडी तारांचे तुकडे. बाबा म्हणाले, ‘‘सापडलो चोर!’’ घरटं उतरवलं, कावळ्याने बाबांच्या टाळूवर टोच मारली, आम्ही विजयी होऊन घरी आलो, दांडी फिरवली, आणि पुन्हा चरचर. आम्ही आकाशाकडे बघत गावभर हिंडलो गो, पायाखाली कुणी बघितलंच नाही. लाइनमनला एसटीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला. उलट निरोप आला की तो दुसऱ्या लाइनवर आहे, पुढच्या आठवड्यात येईल.

आता नानूकाकांची ओळख करून देते. बाबांचे चुलतभाऊ, शेजारच्या घरात राहायचे, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल त्यांचं मत असायचं. ते रोज सकाळी पान चघळत ओटीवर येऊन बसायचे नि फोनकडे डॉक्टरसारखे बघायचे. बुधवारी म्हणाले, ‘‘माका कळला काय झाला ता.’’

‘‘काय?’’ बाबा म्हणाले.

‘‘ह्या यंत्र ह्या घरातला न्हय? दसऱ्याक हार घालतास तेका. मगे सुयेर तेकाय लागतला. फोन सुयेरात आसा. शुद्धीच्या दिवशी आपोआप बोलूक लागतलो.’’

बाबा तीन दिवस ऊन खाऊन कावले होते. ‘‘नान्या, तू घराक जा. नायतर ही दांडी तुझ्या कानाक लावन फिरवीन.’’

आम्ही हसलो, पण खोलीतून हसू आलं नाही. मी आत गेले तर वहिनी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसलेली. म्हणाली, ‘‘बाय, तार केली असती तर बरा झाला असता काय गो? माझ्या हट्टापायी तेंका कळाचाच नाय.’’ मी तिला आंब्याची फोड दिली. तिने ती तशीच वाटीत ठेवली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा फोन दलालाच्या फोनसारखा नाही.

गुरुवार उजाडला. दुपारी मी ओटीच्या पायरीवर बसून कोकमं फोडत होते. हात कोपरापर्यंत लाल. आमची चांदी गाय पाण्यावर सोडलेली, ती विहिरीकडून येता येता अबोलीकडे वळली. फुलं खायची तिची ती लाडकी जागा. आत बाबा फोनशी झटत होते. ‘‘हॅलो! हॅलो! बापू! अरे ऐकतस काय?’’ घसा बसलेला, तरी हॅलो चालूच. आई न्हाणीकडून ओरडली, ‘‘गो बाय, ती गाय बघ! माझी अबोली खाता!’’ मी उठणार, तेवढ्यात चांदीने शेपूट वर केलं आणि तिथेच, वृंदावनाच्या मागे, धो धो धार सोडली. मी म्हटलं हिचं आटपू दे, मग हाकलते.

आणि आतून बापूचा आवाज! मला पायरीवर ऐकू आला इतका खणखणीत. ‘‘ओ काकानू, ओरडतास कित्याक? कान फुटलो माझो!’’

बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच, आजारी माणसाशी बोलावं तसे म्हणाले, ‘‘बापू? ऐकाक येता तुका?’’

‘‘येता म्हणजे? तुमी माझ्या खांद्यार बसून बोलतास असा वाटता. काय केलास?’’

‘‘काय केलंय नाय रे,’’ बाबा म्हणाले, ‘‘नुसता हॅलो म्हटलंय!’’

सगळे धावत आले. आई, नानूकाका, काकांच्या घरातली बायकामाणसं. बाबांनी एकेकाला रिसीव्हर कानाला लावून दाखवला. नानूकाका म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत टिकलं म्हणजे मिळवली. आणि त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच पुन्हा चरचर सुरू झाली. वाढत वाढत बापू परत विहिरीच्या तळाशी गेला. बाबांनी रिसीव्हर ठेवून दिला.

मी मात्र पायरीवरच उभी होते आणि वृंदावनामागे बघत होते. मघाचा ओला डाग जमिनीने पिऊन टाकला होता, कडेकडेने पांढरा पडत होता. मला त्या लाइनमनचा प्रश्न आठवला. बारा महिने ओली जागा खंयची. मी अबोली बाजूला सारली. पाइपाभोवतीची माती पाइप सोडून मागे सरलेली, मधे बोट जाईल एवढी भेग.

‘‘बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘गाय मुतली म्हणान फोन लागलो.’’

अंगणात अशी शांतता पसरली की समुद्र ऐकू आला. मग आई म्हणाली, ‘‘चेडवा, तोंड सांभाळ. बापाशी बोलतस तू.’’ मी सगळ्यांना हाताला धरून पाइप दाखवला. तार दाखवली. दुसऱ्या तारेचं काम जमीन करते, आणि जमीनच सुकली तर ती काम कुठून करणार? सोयर लागल्यापासून आईची कळशी इथे पडलेली नाही. बाबांनी पाइपाकडे बघत स्वतःच्या टाळूवरच्या कावळ्याच्या जखमेला हात लावला.

नानूकाकांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नको. ‘‘मी काल काय सांगलंय? फोनाक सुयेर लागला! सांगलंय का नाय?’’ आणि गो, ते बरोबरच होतं! मरेपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्यांनी ती गोष्ट सांगितली, आणि तिच्यात मी नसायचेच, फक्त काका नि गाय.

कारण कळलं, पण अडचण सुटली नाही. बाबा आईला म्हणाले, ‘‘घाल गो एक कळशी.’’ आई मागे सरली. ‘‘तुळशीत? सुयेरात? माझ्या हातान?’’ पाइप तुळशीपासून वीतभर. तिथे ओतलेलं पाणी तुळशीच्या मुळाला लागणारच. भटजी आता उद्या सकाळी येणार, फोन आज संध्याकाळी. तू म्हणशील, काय हा हट्ट. पण माझ्या आईचं समजून घे. दादा बोटीवर चढला त्या दिवसापासून ती रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावून एकच सांगायची, माझा मुलगा पाण्यात आहे, त्याला सांभाळ. पाण्यातल्या मुलाची दुसरं कुणी राखण करतं यावर तिचा विश्वासच नव्हता. तिच्या दृष्टीने सोयरात तुळशीला पाणी म्हणजे दादाच्या जिवाशी खेळ. आणि पाणी नाही घातलं तर दादाला मुलगा झाल्याचंही कळायचं नाही. तिच्या दोन्ही हातांना दोन बाजूंनी ओढ लागली होती.

काकांनी तोड काढली. ‘‘गोमूत्र पवित्र. सुयेरात चलता. गाय आणा परत!’’ चांदीला आणून वृंदावनामागे उभं केलं. तिला पेज पाजली, मीठ घातलेलं पाणी पाजलं, फणसाची चारखंडं, ती काटेरी सालं, घातली. ती सगळं खाऊनपिऊन समाधानाने रवंथ करत उभी राहिली. काका तिच्या मागे उकिडवे बसून लहान मुलाला करतात तसा ‘श्शूऽऽ’ आवाज काढत राहिले. चांदीने एकदा मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. माझ्या चुलत वहिन्या पदर तोंडात कोंबून माडाला टेकल्या होत्या. बाबासुद्धा हसायला लागले. सावल्या लांब होत चालल्या आणि गाय काही केल्या ऐकेना.

तेवढ्यात खोलीच्या दाराआडून वहिनीचा आवाज आला. ‘‘आई, सांज होत इली ओ.’’

त्यात मागणं नव्हतं, तक्रार नव्हती. पण आईने तो ऐकला नि तिचा चेहरा बदलला. ती सरळ विहिरीवर गेली. रहाट कुरकुरला. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आली आणि वृंदावनापासून चांगली दूर उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात तशा सुरात बोलायला लागली, जशी समोर कुणी बाईच उभी आहे.

‘‘बाये तुळशी, ऐक. ह्या पाणी तुझा न्हय. तुका आमी शिवलव नाय, शिवाचव नाय. ह्या पाणी त्या लोखंडाच्या नळयेक, टेलिफोनाक. चार थेंब तुझ्या मुळाक लागले तर ते गायचे समज. माझो झील पाण्यात आसा, तेका तेच्या झिलाची खबर देवची आसा. तुयव लेकुरवाळी, तुका कळता. आणि रागावलस तर माझ्यार रागाव. तेच्यार नको.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सवयीने नानूकाकांच्या तोंडून गेलं, आणि त्यांच्या मागून आम्ही सगळेच म्हणालो, ‘‘व्हय म्हाराजा!’’

आईने लांबूनच कळशीतलं पाणी भिरकावलं. पहिलं पाणी अबोलीवर. दुसरं, सांगू नको कुणाला, नानूकाकांच्या धोतरावर. ते अजून गाईमागेच बसले होते. तिसऱ्या कळशीला नेम लागला. मातीने चर्र आवाज केला. मग आईला थांबवेना. कळशीमागून कळशी. बाबांनी दांडी फिरवली. ‘‘बापू?’’ ‘‘बोला काकानू! आज तुमच्या फोनार काय चल्लाहा तरी काय?’’

दिवेलागणीच्या सुमाराला घंटा वाजली. लांब, न थांबणारी, ट्रंक कॉलची. बाबांनी उचलला. ‘‘बोल रे झिला! ... सगळी बरी आसत. तू बरो मां? ... थांब. सुनंदा बोलता तुझ्याशी.’’

आम्ही एकमेकींकडे बघितलं. बाळंतीण खोलीच्या बाहेर येत नाही. ओटीवर तर नाहीच नाही. बाबा रिसीव्हर पुढे धरून उभे. आईने काय केलं, तर पाट उचलला नि फोनखाली मांडला. दार उघडलं. वहिनी बाळाला घेऊन बाहेर आली, डोक्याला कानटोपरं, डोळे उजेडाला दिपलेले. आयुष्यात तिने पहिल्यांदा रिसीव्हर हातात घेतला, तो उलटा. मी सुलटा करून दिला. ती पाटावर बसली. मग एका दमात म्हणाली, ‘‘मी सुनंदा. झील झालो. काळो आसा, पण नाक बरा आसा.’’

आणि मग काहीच नाही. वहिनी ऐकत होती, पण ऐकायला काही नसावं, कारण तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. तिने माझ्याकडे बघितलं. ‘‘बाय... गेलो.’’

मी आणि आईने विहिरीकडे जी धाव घेतली! रहाट इतक्या जोरात कधी फिरला नसेल. आईने या खेपेला दुरून टाकायचं सोडून सरळ जाऊन पाइपावरच कळशी रिकामी केली. मी दुसरी. ‘‘आता?’’ आई तिथूनच ओरडली, ‘‘आता येता?’’

ओटीवर वहिनी हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. मागाहून तिने सांगितलं, मधेच बापू ऑपरेटर लाइनवर आला होता. म्हणाला, ‘‘वयनीनू, लाइन बरी आसा हां. माणूसच बोलणा नाय. रडता हा तो.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘तीन मिनिटां झाली. वाढवतंय मी. तुमी बोला.’’

बाबांनी आम्हाला सगळ्यांना अंगणात हाकललं. वहिनी पाटावर वळली आणि भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली, हळू, बाळाला थोपटत. दादाला मधेच कंठ फुटला असावा, कारण ती एकदा ‘इश्श’ म्हणाली. आई अंगणात भरलेली कळशी घेऊन तयार उभी होती, न जाणो. शुद्धीच्या दिवशी तिने तुळशीची ओटी भरली, दिवा लावला, आणि फोनवरही गोमूत्र शिंपडलं. ते मात्र बाटलीतलं, शेजारगावाहून आणलेलं. चांदीवर तिचा भरवसा उरला नव्हता.

तर अशी ती गोष्ट. दादा जाऊन आता वर्षं झाली. तुझी आजी आणि मी, या घरात दोघीच. पायऱ्या चढताना एकमेकींना धरतो. आमच्या वेळी मुंबईहून यायचं म्हणजे एसटीत रात्र काढायची. आता नांदगावला कोकण रेल्वेची गाडी थांबते, सकाळी उतरशील तर दुपारच्या जेवणाला घरी. रिक्षा मी पाठवीन. नेट असलं तर असलं. नसलं तर आपण तिघी मिळून कुठे बिघडलंय ते शोधू, मला सवय आहे. पण तुला बोलावते ते माझ्या एका कामासाठी. त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून ती दादाशी काय बोलली, ते मी इतक्या वर्षांत तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने मला भाजी चिरायला बसवलं. तू नात आहेस, तुला सांगेल. लवकर ये गो, आणि तिला विचार. मी स्वयंपाकघरात असेन, पण दार उघडं ठेव.